यंदा वाचायचं कोणी

"मिस्त्रीभाऊ, यंदा वाचन हाय का न्हाई?"

सरजाबाई दारातूनच विचारत होत्या. आत शालोम मिस्त्री पोळपाटाशी बसले होते, कोपरापर्यंत पिठाने माखलेले. सणाची भाकरी बिनखमिराची असते. पीठ भिजवलं की लगेच लाटायचं, लगेच भाजायचं. ठेवून दिलं तर ते फुगायला लागतं. हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि भाकरी गोल होणं वेगळं. तव्याशेजारी ताटात पडलेल्या तीन भाकऱ्यांचे तीन आकार होते.

"हा... हाय," मिस्त्री म्हणाले. मग शेजारी ठेवलेल्या मोबाइलकडे पिठाचं बोट केलं. "फ... फोनवर."

"फोनवर?" सरजाबाई आत आल्या. पदर खोचून त्यांनी मिस्त्रींच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "सरका तिकडं. भाकरी हाय का नकाशा? फोनवर कसं वाचन व्हतंय?"

मिस्त्रींनी सांगितलं. सांगायला वेळ लागला. त्यांची मुलगी अबिगेल इस्राएलला असते. गेल्या वर्षी पेसाहच्या सणाला ती व्हिडिओ कॉलवर होती आणि तिने आईचं वाचन तिकडे रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तेच तिने आता पाठवलं होतं. 'पप्पा, तुम्ही त्रास घेऊ नका. नुसतं बटण दाबा. आईच वाचेल.'

सरजाबाईंचं लाटणं थांबलं.

"बाईचा आवाज हाय त्याच्यात?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"बरं," सरजाबाई म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या.

मिल्काबाईंना जाऊन पावसाळा, हिवाळा उलटला होता. लातूरच्या डाळमिलमागच्या त्या वसाहतीत मिल्काबाई माहीत नाहीत असं घर नव्हतं. अर्ध्या वसाहतीची पोरं त्यांच्या बालवाडीतून पाटी शिकून गेलेली. मिस्त्रींना मात्र लोक ओळखत ते लांबून. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. स्वतःचा आवाज त्यांनी फारसा कोणाला ऐकवला नव्हता. जीभ अडखळायची. त्यातही 'श' म्हणजे दगडी उंबरठा. आईबापांनी नेमकं नाव ठेवलं शालोम, आणि त्यांच्या जमातीत माणूस भेटला की पहिला शब्द बोलतात तोही शालोम. लहानपणी त्यांना वाटायचं, देवाने आपली थट्टाच मांडली आहे.

पेणला मुलगी पाहायला गेले तेव्हाही तेच झालं. मुलीच्या मामांनी नाव विचारलं. मिस्त्रींची जीभ टाळूला चिकटली, मान एकीकडे ओढली गेली. शेजारून काका घाईने म्हणाले, "शालोम, शालोम नाव त्याचं." तेवढ्यात मुलगी सरबताचे पेले घेऊन पुढे आली होती. ती म्हणाली, "त्यांनाच सांगू द्या ना." आणि ताट हातात धरून उभी राहिली. नाव पूर्ण बाहेर येईपर्यंत उभी राहिली. परत येताना एस.टी.त मिस्त्रींनी काकांना सांगितलं, हीच.

पुढे पनवेल डेपोतून लातूरला बदली झाली. कोकणातून आलेली ही दोघं कोण, हे इथे कोणाला उमगेना. नावं ऐकून लोक विचारत, "ख्रिश्चन का तुम्ही?" मिल्काबाई हसून समजावत, की आम्ही ज्यू, बेने इस्राएल. कोकणात आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत. तेलबियांच्या बाजारपेठेत हे लोकांना लगेच कळायचं. "मंग आमच्याच धंद्यातले की," म्हणायचे.

जवळपास त्यांचं प्रार्थनेचं देऊळ नाही, एकत्र प्रार्थनेला लागतात ती दहा माणसं नाहीत, ज्यूंचं दुसरं घरच नाही. तेव्हा मिल्काबाईंनी ठरवलं, सणाची गोष्ट तरी मोठ्याने वाचायची. पुरीमला एस्तेर राणीची, हनुक्काला दिव्यातल्या तेलाची, पेसाहला मिसर देशातून सुटून आलेल्या गुलामांची. पहिल्या वर्षी ऐकायला एकटे मिस्त्री होते. पण बालवाडीच्या बाईंचा आवाज. तो खिडकीतून बाहेर जाई. समोरच्या सरजाबाई गहू निवडता निवडता ऐकत राहिल्या आणि मिल्काबाईंनी पान मिटलं तशा तिथूनच ओरडल्या, "अवो, फुडं काय झालं त्या गुलामांचं?" दुसऱ्या सणाला त्या आत येऊन बसल्या. मग शेजारच्या बेगमबी, शिलाईचं काम बाजूला ठेवून. मग त्यांच्या लेकी, सुना, नाती. पुरीमच्या गोष्टीत दुष्ट हामानाचं नाव आलं की पोरं ताटं बडवत, आणि कोपऱ्यावरचा पानवाला विचारी, आज काय आहे बाबा मिस्त्रींकडे.

संध्याकाळी ऊन उतरलं. हवेत तुरीच्या टरफलांची धूळ होती. मिस्त्रींनी आंघोळ करून पांढरा सदरा घातला, डोक्यावर टोपी घातली. स्टुलावर ताट मांडलं: भाकऱ्या, मिठाचं पाणी, उकडलेलं अंडं, कडू पाला, खजुराचा पाक, काळ्या मनुकांचं सरबत. मिल्काबाईंच्या खुर्चीवर त्यांनी मोबाइल उभा केला; तो घसरायला लागला म्हणून मागे वाचनाचं जाड पुस्तक टेकवलं.

सणाच्या संध्याकाळी असली यंत्रं लावू नयेत, असं त्यांचे वडील म्हणत. पण वडिलांच्या वेळी वाचायला माणसं होती.

सरजाबाई आल्या. बेगमबी आल्या आणि त्यांच्यामागे त्यांची नात अर्शी, क्लासमधून थेट, पाठीवर दप्तर घेऊन. आज चौघंच होती. बाकीच्यांना वाटलं असावं, बाई नाहीत तर काय जायचं.

पेसाहच्या वाचनाची सुरुवात प्रश्नाने होते आणि प्रश्न सर्वांत लहान माणसाने विचारायचा असतो. अर्शी बोलायला शिकली तेव्हापासून तो तिच्याकडेच होता. आता ती डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती, तरी ती मांडी घालून नीट बसली, ओढणी सावरली आणि म्हणाली, "आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का?"

मिस्त्रींनी वाकून मोबाइलवर बोट टेकवलं.

"आम्ही मिसर देशात फारोचे गुलाम होतो," मिल्काबाई म्हणाल्या.

आवाज अगदी तोच. बेगमबींनी तोंडाला पदर लावला. सरजाबाई खाली सतरंजीकडे बघत राहिल्या. वाचन पुढे चाललं. मिसरच्या राजाने, फारोने, विटा पाडायला लावल्या. मग हुकूम काढला, यांचे मुलगे नदीत टाका. एका आईने आपलं बाळ लव्हाळ्याच्या पेटीत घालून पाण्यावर सोडलं, आणि फारोच्याच मुलीने ते उचललं. पाण्यातून काढलेलं म्हणून त्याचं नाव ठेवलं मोशे. मिल्काबाई नेहमीसारखं वाचत होत्या, बाळाजवळ आवाज मऊ, फारोजवळ जाड.

"अहो," त्या मधेच म्हणाल्या, "पंखा जरा हळू करा ना. पानं उडतायत."

मिस्त्री उठले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी पंख्याचं बटण दोन घरं मागे फिरवलं. वरचा पंखा मंद झाला. मोबाइलमधूनही बटणाचा कट्‌कट् आवाज आला आणि तिथला, गेल्या वर्षीचा पंखाही मंद झाला. "हं, बस," मिल्काबाई म्हणाल्या, आणि पुढे वाचू लागल्या.

मिस्त्री बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले. भिंतीकडे तोंड, पाठ सगळ्यांकडे. मोबाइलमध्ये मोशे फारोच्या मांडीवर खेळायला लागला होता.

थोड्या वेळाने ते वळले. खुर्चीपाशी आले आणि मोबाइलमधला आवाज बंद केला.

"काय झालं, भाईजान?" बेगमबी म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या की. आवाज ऐकून लई बरं वाटून राहिलं होतं."

मिस्त्रींना खूप सांगायचं होतं. की ती अजून मला काम सांगते आणि मी ते करतो. की गोष्ट पुढच्या वर्षीही इथेच येईल, पंखाही इथेच हळू होईल, आणि मी दर वर्षी उठेन. त्यांनी मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवला, पुस्तक उचललं आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसले.

"म... मी वाचतो," ते म्हणाले.

पान सापडलं. पुढचा मजकूर काय आहे हे त्यांना न बघताही माहीत होतं. दर वर्षी नेमकी ही गोष्ट आली की ते पाणी बघून येतो म्हणून स्वयंपाकघरात जात आणि ती संपली की परत येत. मिल्काबाईंनी त्यांना कधी थांबवलं नाही, आणि गोष्ट कधी गाळलीही नाही.

ते वाचू लागले.

फारोच्या मांडीवरच्या बाळाने त्याच्या मुकुटाला हात घातला. दरबारी म्हणाले, हा पोर उद्या राज्य घेईल, आत्ताच मारून टाका. एक शहाणा म्हणाला, आधी पारख करा. एका ताटात सोनं ठेवा, एका ताटात निखारे. सोन्याला हात घातला तर त्याला कळतं, मग मारा.

एवढं वाचायला मिल्काबाईंना लागला असता त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. घाम कानशिलावरून गळ्यात उतरत होता. "निखारे"वर जीभ बसली ती हलेना. "नि... नि... नि..."

"निखारे," बेगमबी मायेने म्हणाल्या.

सरजाबाईंनी बेगमबींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोलू दे की त्यास्नी. कुठं गाडी सुटून राहिली का आपली?"

"नि... निखारे," मिस्त्री म्हणाले, आणि पुढे गेले.

बाळाचा हात सोन्याकडे चालला होता. देवदूताने तो निखाऱ्यांकडे ढकलला. बाळाने निखारा उचलला, बोटं पोळली, पोळलेला हात त्याने तोंडात घातला आणि जीभ भाजली. जीव वाचला. पण तेव्हापासून मोशेची जीभ जड झाली, ती झालीच.

"आमच्याकडं बी हाच किस्सा हाय," बेगमबी हळूच अर्शीला म्हणाल्या. "मूसा अलैसलामचा. माझी नानी सांगायची."

मिस्त्रींनी वर पाहिलं. कोणाच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. अर्शीने हनुवटी गुडघ्यावर टेकवली होती. सरजाबाईंना तर गोष्टीची घाई लागलेली दिसत होती.

"मंग? जीभ अशी, अन् त्यालाच धाडलं का देवानं राजापुढं?"

"त्या... त्यालाच."

ते पुढे वाचत गेले. जळत्या झुडपातून देव म्हणाला, जा, फारोला सांग, माझ्या लोकांना सोड. मोशे म्हणाला, मी कसा जाऊ? माझी जीभ जड आहे. देव म्हणाला, माणसाला तोंड कोणी दिलं? तुझा भाऊ अहरोन आहे ना, तो तुझ्यासाठी बोलेल. तो तुझं तोंड होईल.

इथे मिस्त्री थांबले. या वाक्यात त्यांची जीभ कुठेच अडली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. सरजाबाईंनी सरबताचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला. ते प्यायले आणि त्यांनी पान उलटलं.

मग दहा पीडा आल्या, बेडूक आले, टोळ आले, अंधार पडला. समुद्र दुभंगला तेव्हा बाहेर दिवे लागून गेले होते आणि क्लास सुटलेल्या पोरांच्या गाड्या गल्लीतून जात होत्या. लोक पलीकडे कोरड्या पायांनी पोचले. सरजाबाईंनी नेहमीप्रमाणे याच जागी मोठा श्वास सोडला. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. दर वर्षी हे ऐकलं की त्या एकच वाक्य म्हणत, तेच आजही म्हणाल्या. "सुटले बगा एकदाचे."

भाकरी मोडली, पाकात बुडवून सगळ्यांनी खाल्ली. कडू पाला खाताना अर्शीने तोंड वेडंवाकडं केलं. बेगमबींनी जाताना ताटं धुऊन पालथी घातली. सरजाबाई दारात चपला शोधत म्हणाल्या, "लई टाइम लागला यंदा. पण समदं नीट कळलं. बाई वाचायच्या तवा म्या रडण्यातच ऱ्हायची, मधलं निम्मं ऐकूच येत नसे."

घर रिकामं झालं. मिस्त्री खुर्चीवर बसले होते तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. अबिगेल. पडद्यावर तिच्या मागे खिडकी होती, तिकडे अजून उजेड होता.

"पप्पा, झालं का? नीट लागलं ना? आवाज स्पष्ट आला आईचा?"

"आ... आला. मग मी बं... बंद केला."

"का? काय झालं?"

"मी वा... वाचलं."

पलीकडे आतल्या खोलीत पोरं त्यांच्या भाषेत कशावरून तरी भांडत होती. मग अबिगेल म्हणाली, "सगळं?"

"स... सगळं."

तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "आमच्याकडे आता बसतोच आहोत सगळे," ती म्हणाली. "तुमच्याजवळ पुस्तक आहे का? थोडं वाचता? पोरांना कळेल तेवढं कळेल."

एरवी अबिगेलचा फोन आला की मिस्त्री 'कशी आहेस' एवढं कसंबसं विचारत आणि फोन डावीकडे करत. डावीकडे मिल्काबाई असत. पुढचा तासभर त्या बोलत. आताही त्यांचा हात सवयीने डावीकडे निघाला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी फोन पुन्हा तोंडासमोर आणला, दुसऱ्या हाताने मांडीवर पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.