साखरउतारे बाबा आणि आत्याची वही

साखरउतारे बाबांनी गाशा गुंडाळला, आत्याचं इन्शुलिन वाचलं आणि मी चार मिनिटं मधुमेहाचा गंभीर रुग्ण होतो. यातलं काहीही घडलेलं नाही. आत्याने तसं बजावून ठेवलंय, कारण दवाखान्यातल्या सिस्टरना कळलं तर तिची धडगत नाही. तेव्हा जे घडलंच नाही, ते थोडक्यात सांगतो.

सभागृहात दोनशे माणसं मुठी आवळून बसली होती. मोर्चा नव्हता. दारातच प्रत्येकाच्या हातात साखरेचा खडा ठेवत होते आणि नंबर येईपर्यंत मूठ उघडायची नाही, असा हुकूम होता. खडा म्हणे आजाराला बोटांपर्यंत ओढून आणतो. पंखे बंद होते, त्यामुळे आजार घामासकट येत होता.

व्यासपीठावर बाबा नंबर आलेल्याच्या बोटाला सुई टोचत, थेंब यंत्राच्या पट्टीवर घेत आणि आकडा माइकवरून पुकारत. "तीनशे ऐंशी." सभागृह हळहळे. मग चेला प्लास्टिकच्या जगमधलं मंत्रजल हातांवर ओती, बोटं खसाखसा चोळी, टॉवेलने पुसून देई. पुन्हा नवी सुई. "एकशे पन्नास." टाळ्या. मग रुग्णाने आपलं औषध टोपलीत टाकायचं. टोपली भरत आली होती.

आत्या शिवणकाम करते. साखर वाढली की तिला सुईचं नेढं दिसत नाही. मागच्या वर्षी एका गृहस्थांच्या शर्टाला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. इन्शुलिन सुरू झालं आणि नेढं परत दिसायला लागलं. पण, "दिवसभर कापडाला टोचायचं आणि जेवायच्या आधी स्वतःला," याचा तिला वीट आला होता. म्हणून ती आली होती. पिशवी धरायला मी.

तिचा आकडा आला तीनशे एक्क्याण्णव. हात धुतल्यावर एकशे सेहेचाळीस. कापडवाल्याच्या मीटरपट्टीवरही विश्वास न ठेवणाऱ्या माझ्या आत्याचे डोळे पाणावले. तिने इन्शुलिनचं पेन टोपलीवर धरलं.

"थांबा, आकडे टिपून घेते. सिस्टर वही बघतात."

या वहीचं असं आहे. सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, "आपली टीम आहे. डॉक्टर, मी, औषधं देणारे आणि तुम्ही. डॉक्टर तुम्हाला वर्षातून फार तर दोन तास बघणार. उरलेलं वर्ष ड्यूटीवर तुम्हीच." आत्याने हे नेमणूकपत्र समजून मनावर घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी हात साबणाने धुऊन, पुसून, साखर तपासून नोंद.

तिने वही उघडली आणि ती थबकली.

"महाराज, सकाळी घरी एकशे चव्वेचाळीस होती."

"बरं मग?"

"इथे येईपर्यंत तीनशे एक्क्याण्णव? मी बसमध्ये बसले होते, साखर कारखान्यात नाही."

"माई, घरची साखर देहाची. इथली आत्म्याची."

"मग उतरली काय? सकाळपेक्षा दोन जास्तच आहे की."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "श्रद्धा नसली की आकडा गोंधळतो," बाबा म्हणाले.

आत्याने इन्शुलिनचं पेन परत पिशवीत टाकलं आणि उरलेल्या कापडाच्या तुकड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "इकडे ये. मूठ उघड."

खडा मीही घेतला होता, फुकट होता. आत्याने स्वतःचं यंत्र काढलं, नवी सुई लावली आणि माझ्या चिकट बोटाला टोचली.

चारशे बारा.

मी तेवीस वर्षांचा, धडधाकट. तिथेच पायरीवर बसलो आणि माझ्यामागे मोबाइल कुणाला द्यायचा ते ठरवून टाकलं.

"ऊठ मेल्या. नळावर जाऊन साबणाने हात धू. नीट पुसून ये."

चार मिनिटांनी परतलो. चौऱ्याण्णव.

"मंत्र कुणी म्हटला का रे?" तिने माइक माझ्यापुढे धरला.

"नाही. मीच थोड्या शिव्या दिल्या."

"ऐकलंत?" आत्या लोकांकडे वळली. "खडा काही ओढत नाही. त्याची साखर बोटाला चिकटते आणि रक्ताच्या थेंबात मिसळते. यंत्र बिचारं तीही मोजतं. पहिला आकडा खड्याचा, दुसरा आपला. आणि ज्यांचा दुसरा बरा आलाय ना, तो त्या टोपलीतल्या औषधांमुळे."

दोनशे मुठी उघडल्या. सगळे टोपलीवर तुटून पडले.

"माझी पांढरी गोळी कुठाय?"

"सगळ्यांच्याच पांढऱ्या आहेत, काका. नाव नसेल तर घेऊ नका, दवाखान्यात विचारा," आत्या ओरडत होती. या गडबडीत बाबा, चेला आणि मंत्रजलाचा जग मागच्या दाराने अंतर्धान पावले. दिवसभरातला तेवढा एकच चमत्कार मला उलगडलेला नाही, कारण त्या दाराला बाहेरून कडी होती.

पुढच्या तपासणीला सिस्टरनी वहीत बोट ठेवलं. "हे चारशे बारा कुणाचं?"

"लिहिण्यातली चूक," आत्या म्हणाली.

चमत्कार बघायला खुशाल जा. फक्त आपला कालचा आकडा खिशात ठेवा आणि औषध थांबवायचं असेल तर ज्यांनी दिलं त्यांना विचारा. पटलं नाही तर पुन्हा विचारा. टीममध्ये विचारण्याचं काम आपल्याकडेच आहे.

मी मात्र दवाखान्यात एक अर्ज दिलाय: माननीय वैद्यकीय अधिकारी यांस सविनय सादर की, अर्जदाराची आत्या आपल्या टीमची पूर्णवेळ सदस्य असून तिने आजवर एकही सुट्टी घेतलेली नाही. तरी तिला वर्षाला बारा किरकोळ रजा मंजूर कराव्यात आणि रजेच्या दिवशी तिच्या मधुमेहाचा कार्यभार आपण स्वतः सांभाळावा, ही नम्र विनंती.