चिखलाच्या गाण्याचा अर्थ

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे आणि थोडा गर्विष्ठही आहे. गर्व का नसावा? अकराशे चाळीस पाने आहेत माझी. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत कोणालाही रांग मोडू दिलेली नाही. माझ्या पोटात राजा आणि राख शेजारी शेजारी बसतात, आणि दोघांची आजवर एकदाही कुरबूर झालेली नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. लाल कापडाचा पुठ्ठा आणि पाठीवर सोनेरी अक्षरे होती. मग खोक्यात बसून, एसटीच्या टपावर बांधला जाऊन मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला आलो आणि इथल्या सार्वजनिक वाचनालयात मला पहिल्या कपाटात मानाची जागा मिळाली. काय दिवस होते ते! लग्नाच्या पत्रिकेत 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ की ऱ्हस्व, यावरून दोन व्याही भांडत आले होते. मी उघडलो आणि दोघे गप्प झाले. मास्तर लोक मला दोन्ही हातांनी उचलत.

पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि मला कोणी विचारेना. काही वर्षे मी टेबलफॅनखाली होतो. पंख्याची उंची कमी पडत होती आणि माझी जाडी नेमकी तेवढीच होती. विद्वानाच्या डोक्यावर पंखा फिरतो हे ऐकले होते, पण तो असा फिरेल असे वाटले नव्हते. त्या वर्षांत मी मनातून फार खचलो, हे तुमच्यापासून लपवत नाही.

मग कोंढ्याच्या रीनाताई ग्रंथपाल म्हणून आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी पंखा विटेवर ठेवला आणि मला पुसून टेबलावर घेतले. त्यांनीच दर रविवारी सकाळी 'गाण्याचा अर्थ' हा कार्यक्रम सुरू केला. कॉलेजची मुले-मुली येत, मोबाइलवर इंडी रॉकचे एखादे गाणे लावत आणि त्यातल्या ओळींचा अर्थ काय, यावर वाद घालत. 'इंडी रॉक' हा शब्द माझ्यात नाही, त्यामुळे मी जरा रुसलो होतो. पण रीनाताईंनी सांगितले, मोठ्या कंपनीच्या आसऱ्याशिवाय पोरापोरींनी आपल्या हिमतीवर बांधलेले गिटार-ड्रमचे गाणे म्हणजे इंडी रॉक. म्हणजे घरच्या पापडासारखे! हे मला पटले.

त्या गाण्यांची गंमत अशी, की ती सरळ बोलतच नाहीत. एका गाण्यात ओळ होती, 'टॉवरखाली उभा आहो, रेंज मात्र तुह्यापाशी.' एकजण म्हणाला, हे प्रेमाचे आहे. एक मुलगी म्हणाली, छे, हे बाहेरगावी कामाला गेलेल्या बापाचे आहे. दोघांनीही मला उघडले, आपापले शब्द शोधले आणि दोघेही आपणच जिंकलो म्हणून नाचले. मला तर दोघांचेही पटले. इतका गोंगाट माझ्याभोवती यापूर्वी कधी झाला नव्हता. मी पुन्हा तरुण झालो.

या वादात सगळ्यात पुढे असायची रेणू. ती मोतीलालजींची मुलगी. मोतीलालजींचे घर पिढ्यान्‌पिढ्या विणकरांचे. बाजारात त्यांचे साड्यांचे दुकान आहे. स्वभावाने इतके भित्रे, की दुकानाचे कुलूप लावून चारदा ओढून पाहतात आणि कोपऱ्यावरून परत येऊन पाचव्यांदा ओढतात. रेणूला नागपूरच्या कॉलेजात कापडाच्या डिझाइनसाठी जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

गुरुवारी दुपारी मोतीलालजी वाचनालयात आले. हातात रेणूची वही होती.

"रीनाबाई, मी पोरीले नागपूरले नाही पाठवून राहिलो," ते म्हणाले.

"काहून जी? काय झालं?"

त्यांनी वही पुढे केली. साकोलीकडच्या 'सपरी' नावाच्या बँडचे एक गाणे रेणूने रविवारसाठी उतरवून घेतले होते.

उपडा मले, झटका माती,
आवळून बांधा, फेका दूर;
चिखलामंदी रुतले पाय,
डोळ्यापुढं पाणी भरपूर.
आठ दिवस पिवळा राहीन,
पुसू नका, मी कसा आहो.

खाली रेणूने लिहिले होते, 'हे तर माझ्याच मनातलं.'

"पोरीच्या मनात असं काही असन, तं तिले डोळ्याआड कसं करू?" मोतीलालजी म्हणाले. "तरी म्हटलं, आपलंच चुकत असन. शब्द पाहून घेऊ."

मग त्यांनी मला उघडले. आणि मित्रांनो, इथे मी जे केले, त्याची मला अजून लाज वाटते. मी उत्तरे अचूक दिली. उपडणे: मुळासकट काढणे, समूळ नाश करणे. चिखल: पाण्याने भिजलेली माती, बिकट अवस्था. पिवळा पडणे: निस्तेज होणे, रोगट दिसणे. दरवेळी त्यांचा चेहरा थोडा अधिक उतरत होता. रीनाताईही ते वाचून गंभीर झाल्या. माझ्यात एकही चूक नव्हती, आणि तरी एका मुलीचे नागपूर माझ्यामुळे हातचे चालले होते.

त्या दिवशी रीनाताईंची आई, धुरपताबाई, कोंढ्याहून त्यांच्यासोबत आली होती. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. दिवसभर पाण्यात उभे राहून तिच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, म्हणून मलम घ्यायला आली होती. बाकावर बसून बोटांच्या बेचक्यांत मलम लावत ती सगळे ऐकत होती.

"वाच वं मा ते आणखीन एकदा," ती लेकीला म्हणाली.

रीनाताईंनी वाचले. दुसरी ओळ संपायच्या आतच धुरपताबाई हसू लागली. अशी हसली, की मलमाची डबी खाली पडली.

"अवं, हे तं पऱ्ह्याचं गानं हाय! कोन मेलं न कोन गेलं? पऱ्हा उपडतो, मुळाची माती झटकतो, पेंडी बांधतो, अन् बांधीत, पान्यानं भरल्या वावरात, फेकतो. मंग चिखलात रोवतो. महिनाभर मी दुसरं करून काय राहिली?"

मोतीलालजींना धान फक्त पोत्यात आणि ताटात माहीत. "पऱ्हा म्हणजे धानाचं रोप?" त्यांनी विचारले. "पण मंग तो पिवळा काहून पडते?"

"जागा बदलली न जी त्याची! नवी माती धरेपर्यंत पिवळाच रायते. आठक दिवस. नवा मानूस घाबरते, म्हनते पीक गेलं. आमी तिकडं पायतच नाई. नवव्या दिवशी जा न पाहा, हिरवागार!" मग ती जरा थांबून म्हणाली, "अन् जाग्यावरच ठेवला, तं दाटीनं मरते बापा. लोंब नाई धरत."

तेवढ्यात वही शोधत रेणू आली. वडिलांच्या हातात वही पाहून दारातच थबकली.

"तुले ठाऊक होतं का, हे धानाचं गाणं आहे म्हणून?" मोतीलालजींनी विचारले.

"नाही बाबा. मले अर्थ समजलाच नव्हता. पण आयकलं का भीतीही वाटे, अन् जावंसंही वाटे."

मोतीलालजींनी तिच्याकडे पाहिले, मग धुरपताबाईच्या पायांकडे. "चाल," ते म्हणाले, "फॉर्म भरून टाकू." आणि रेणूने भर वाचनालयात, 'शांतता राखा' या पाटीखाली, अशी आरोळी ठोकली की पेपर वाचणारे दोन म्हातारे दचकले.

ते गेल्यावर रीनाताईंनी माझे 'प'चे पान काढले. तिथे 'पऱ्ह्या' होता, कोकणातला लहान ओहोळ. आमच्या धानाचा पऱ्हा नव्हता. त्यांनी पेन्सिलीने कडेला लिहिले, 'पऱ्हा: धानाचे रोप. उपडून दुसरीकडे रोवतात.' माझ्या अंगावर कोणी लिहिले की मला एरवी राग येतो. त्या दिवशी मात्र गुदगुल्या झाल्या.

"माहं नाव टाकलं का?" धुरपताबाईने विचारले. मग तेही लिहिले गेले: 'सांगणार धुरपताबाई, कोंढा.' माझ्या अकराशे चाळीस पानांत पत्ता असलेला शब्द तेवढा एकच आहे.

रेणू नागपूरला गेली. मोतीलालजी रोज संध्याकाळी पेपर वाचायला येत आणि रीनाताईंना सांगत, "आज तिसरा. फोनवर रडली." "आज पाचवा. म्हणते, डाळ पाण्यासारखी आहे, मले घरी परत बोलवा." सातव्या दिवशी त्यांनी नागपूरच्या बसचे वेळापत्रक पाहिले, पण गेले नाहीत. आठव्या दिवशी पेपर उलटा धरून बसले.

नवव्या दिवशी आले ते धावतच. "दिवसभर पोरीचा फोन नाही," ते म्हणाले. "शेवटी मीच लावला. तिकडं पोरींचा इतका गलका! म्हणते, बाबा, मी कामात आहो, मांगून करते." आणि ते हसू लागले. डोळे पुसत होते आणि हसत होते. "हिरवी झाली जी! तुमच्या आईले सांगा, पोरगी हिरवी झाली!"

मित्रांनो, मला ओल्या हातांनी धरू नका, माझी पाने दुमडू नका आणि कृपा करून पुन्हा पंख्याखाली ठेवू नका. एखाद्या गाण्याचा अर्थ लागत नसेल, तर अवश्य माझ्याकडे या. फक्त एकटे येऊ नका. येताना सोबत कोणीतरी घेऊन या, जिच्या किंवा ज्याच्या पायांना चिखल माहीत आहे.