खाली ठेवलेला पेला

पैज लावली रकानने, पण पेला खाली ठेवला हाबिसने. तेव्हा दोष द्यायचाच तर त्यालाच. जॉर्डनमधल्या मआनच्या कॉलेजातली पोरं राजधानी अम्मान पाहायला निघाली, तेव्हा बसमध्येच हे ठरलं होतं. दुपारी उस्ताद, म्हणजे त्यांचे सर, सगळ्यांना आपल्या मामांकडे, अबू ओकाबांकडे, कॉफीला नेणार होते. रकान म्हणाला, "म्हाताऱ्यासमोर पेला न पिता खाली ठेवून दाखव. आहे का छाती?" पोरं खिदळली आणि हाबिसला चेव चढला.

पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली की त्याचं काहीतरी मागणं असतं आणि यजमान ते पुरवल्याशिवाय राहत नाही, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याची थट्टा करायची नसते, हेही ठाऊक. पण त्या वयात अक्कल गहाणच पडलेली असते.

अबू ओकाब काठी टेकत स्वतः सगळ्यांना कॉफी देत होते. हाबिसने पेला गालिच्यावर ठेवला. म्हाताऱ्याने किटली बाजूला ठेवली.

"पी, पोरा. तुझं काम झालं म्हणूनच समज. बोल, काय हवंय?"

मागायचं काय, हे या गाढवाने ठरवलंच नव्हतं. त-त प-प करत तो म्हणाला, "काका, अम्मान तुम्हीच दाखवा आम्हाला."

उस्तादांचा चेहरा पडला. मामांचे गुडघे कधीच कामातून गेले होते. पण दिलेल्या शब्दाच्या आड भाचा कसा येणार? अबू ओकाबांनी ठेवणीतला अबा, तो लांब झगा, अंगावर चढवला, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि सगळ्यांच्या पुढे घराबाहेर पडले.

रोमन थिएटरच्या पायऱ्या उभ्या. धडधाकट माणसाचाही दम काढतात. उस्तादांसकट पोरं भराभर वर गेली, हाबिस तेवढा मागे राहिला. अबू ओकाब एक पायरी चढायचे, थांबायचे, सरदारमंडळी कुठे बसायची ते मागे वळून हाबिसला सांगायचे आणि पुन्हा चढायचे. हाबिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्याला राहवेना.

"काका, बसा. मला काही नको होतं. थट्टा केली मी."

अबू ओकाब बसले.

"नोकरीत होतो तेव्हा माझ्या घरात सारखे पेले खाली ठेवले जायचे," ते म्हणाले. "आता लोक मुकाट्याने कॉफी पितात आणि जातात. आज वाटलं, कुणाचं तरी माझ्यावाचून अडलंय."

हाबिस गुडघे वाचवायला गेला आणि त्याने म्हाताऱ्याची भलतीच जागा दुखावली होती. खरं बोलल्याचीही एवढी लाज वाटू शकते, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

अबू ओकाबांनी काठी रोवली, त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठले. "चल. शब्द दिलाय तर वरपर्यंत जाऊ." मग आवाज खाली आणला. "एवढं कर. ही थट्टा होती, हे त्या पोरांना कळू देऊ नकोस."

"नाही कळणार, काका," हाबिस म्हणाला.

वर ओळीने बसलेली पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. अबू ओकाबांना वाटलं, ती आपल्यालाच बोलावताहेत. त्यांनी काठी उंचावून त्यांना हात केला.