चरबीसकट

एक अपेंडिक्स, दोन टाचण्या, एक स्टीलची पट्टी. अपेंडिक्सच्या टोकाशी एक पिवळट गाठ आणि तिच्याभोवती चरबीचा पदर. कॉर्कच्या पाटीवर एवढंच होतं — आणि पाटीपलीकडे दवाखान्याचे मुख्य सर्जन, थोरले सर. त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीचं पोट दुखलं, दुसऱ्या सर्जनने अपेंडिक्स काढलं, त्यात ही गाठ निघाली; आणि तपासणीच्या या खोलीत कधी न उतरलेले सर आज फॉर्मालिनच्या वासात नाकाला रुमाल न लावता उभे होते.

नियम त्यांचाच. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर अपेंडिक्स काढलं तेवढं पुरे. वर गेली तर पोट पुन्हा उघडायचं, उजव्या बाजूचं मोठं आतडं काढायचं. लहान मुलांना एवढं लागत नाही, असं आता बरेच जण म्हणतात — पण या दवाखान्यात शब्द सरांचा, आणि आज पट्टी तिच्या, गाठी तपासणाऱ्या डॉक्टरच्या, हातात.

तिचा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा असताना त्यालाही अशीच गाठ निघाली होती. सरांनी ऑपरेशनच्या टेबलावरच गाठ मोजली, बावीस मिलिमीटर म्हणाले, अहवालाची वाट न बघता आतडं काढलं... अहवाल आला तो बारा मिलिमीटरचा. भाऊ अजून भरल्या ताटावरून उठून संडासाकडे पळतो आणि परत येऊन म्हणतो, ताई, माझ्या पोटात शॉर्टकट आहे. आई हसत नाही. ती हसते — ती हसली नाही तर तो जेवायचाच थांबेल.

"चरबी धरू नका हं," सर हळूच म्हणाले. "नुसती गाठ मोजा. चरबीने आकडा फुगतो."

म्हणजे सरांना तेव्हाही माहीत होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, घाई झाली असेल, नजर चुकली असेल... माहीत होतं.

तिने पट्टी चरबीच्या कडेला लावली. "वाचा, सर."

"एकवीस." सर पट्टीवर वाकले. "पण बाई, ही चरबी—"

"हो. चरबीसकट."

नात वरच्या मजल्यावर झोपलेली असेल... भाऊही असाच झोपला होता, पोटावर हात ठेवून. सरांच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत उतरला. तिने तो उतरू दिला. किती गोड लागतंय हे, तिला वाटलं, आणि किती लवकर संपणार. सरांचा हात भिंतीचा आधार शोधू लागला. खुर्ची तिच्या मागेच होती. तिने ती पुढे केली नाही.

मग पट्टी उचलली. पुसली. गाठीच्या कडेला, नुसत्या गाठीच्या, टेकवली.

चौदा मिलिमीटर.