माझ्यातूनच आलेला आदेश

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. माझे पाच दिवे, लागतात तीन. तरी इथल्या घराघरांत पोचणारं इंटरनेट अजून माझ्यातूनच जातं. नवा होतो तेव्हा इंटरनेटच्या या दुकानाच्या मालकीण मावशी मला मऊ फडक्याने पुसत. आता माझ्यावर चहाचा कप ठेवतात. सेवाज्येष्ठता म्हणतात ती हीच असावी.

माझ्यातून कोण काय पाठवतं ते मी वाचत नाही. कुणाला अडवतही नाही. माझी पुण्याई म्हणाल तर एवढीच.

त्या दुपारी टेकडीपलीकडच्या दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. तिकडे मोबाइलला रेंज नाही. सगळी भिस्त माझ्यावर.

"मावशी, लाइन सांभाळा हं! बाळ आडवं आहे. मोठ्या डॉक्टर पडद्यावरून सांगतायत, तसं करायचंय."

फोन ठेवतात न ठेवतात तोच तालुका कचेरीतले साहेब आत आले.

"इंटरनेट बंद करा. पाण्याच्या टाकीला तडा गेल्याचा फोटो फिरतोय. अफवा आहे."

"पण तडा गेलाय ना?"

"तडा खरा आहे. फोटो अफवा आहे."

"अहो, तिकडे एक बाई अडलीय! फोटोपायी तिची लाइन का तोडता? तिला काही हक्क आहे की नाही? आणि लेखी कुठंय?"

"हक्काचं उद्या बघू. लेखी आत्ता मेलवर मागवतो."

म्हणजे माझ्या मरणाचा हुकूम माझ्यातूनच यायचा होता! भीतीने माझे तिन्ही दिवे लुकलुकू लागले. चार अक्षरं वाटेत सांडली असती, तर कुणाला कळलं असतं? पण आज साहेबांचं अडवलं, तर उद्या सिस्टरांचं अडवायला मला कितीसा वेळ लागणार? मी त्या हुकमाला वाट दिली.

मावशींनी आदेश वाचला. "यात कारण नाही. किती वेळ बंद, तेही नाही."

"सही आहे ना?" साहेबांनी माझ्यावरचा कप अलगद उचलून बाजूला ठेवला. मग माझी वायर ओढली.

वीज गेली की मला काही कळत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्याशा खुर्चीत बसाल. वायरीला हात घालण्याआधी एवढं विचारा, की पलीकडे कोण आहे?

मला पुन्हा चालू केलं तेव्हा बाहेर अंधारलं होतं. मावशींनी पहिला फोन दवाखान्याला लावला. पलीकडे घंटा वाजते आहे. अजून कुणी उचललेला नाही.