हिरवी कड

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. लॅबमधल्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच महिन्यात त्यांनीही मला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. मला वाट बघता येत नाही. आणि नशीब असं, की मला काम मिळालं ते पेशी वाढवण्याचं. त्यांना गरम कपाटात ठेवायचं, त्यांचं गुलाबी पाणी वेळेवर बदलायचं आणि गप्प बसायचं. पाणी बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. गप्प बसण्याच्या नावाने मात्र बोंब आहे.

त्या आठवड्यात तर मी कुणाला धड जेवू देत नव्हते. कपाटातल्या एका डबीत माझ्या भाचीच्या नाकातून घेतलेल्या पेशी होत्या. भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी. तिच्या कपाळाची पापी घेतली की ओठांना मीठ लागतं, म्हणून मी तिला खारूताई म्हणते. हे लाडाचं नाव असलं तरी ते मीठ म्हणजे तिचं दुखणं आहे.

पेशीला मीठ आतबाहेर करायला एक झडप लागते. ही झडप म्हणजे एक प्रोटीन. ते पेशीच्या आत तयार होतं, त्याची नीट घडी बसते, मग इवल्याशा पिशवीत बसून ते कडेला जातं आणि तिथल्या पातळ आवरणात रुतून कामाला लागतं. खारूताईच्या पेशींत ती घडी किंचित चुकते. चुकलेलं प्रोटीन पुढे जाऊ द्यायचं नाही, असा पेशीचा आतला कारभार आहे, आणि तो डोळ्यांत तेल घालून चालतो. घडी चुकली की अडवलं, अडवलं की मोडीत काढलं. झडप थोडीफार काम करू शकली असती, पण तिला कडेपर्यंत जाऊच देत नाहीत. मला या कारभाराचा मनापासून राग आहे. त्याच्यापायी पोरीच्या छातीत कफ डिंकासारखा चिकटून बसतो, आणि वहिनी सकाळ-संध्याकाळ तिला मांडीवर पालथी घेऊन, हाताची ओंजळ करून तिची पाठ थोपटत असते.

घडी सुधारणारी एक नवी गोळी आली होती. ती काहींना लागू पडते, काहींना नाही. म्हणून आमच्या बाई, म्हणजे लॅबच्या प्रमुख, आधी मुलांच्या पेशींना ते औषध देऊन बघत. प्रोटीनला चिकटणारा हिरवा रंग घालायचा. पेशीची कड उजळली तर झडप पोचली, मुलाला गोळ्या सुरू. नाही उजळली तर पुढच्या औषधाची चाचणी लागेपर्यंत थांबायचं. आणि या गोळ्यांवर घेतलेल्या मुलाला मधूनच दुसऱ्या चाचणीत जाता येत नसे. नात्यातल्या नमुन्याला हात लावायचा नाही हा बाईंचा नियम, म्हणून खारूताईची डबी लांब्याकडे होती. लांब्या माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. उंच आहे, शांत आहे, आणि त्याच्या त्या शांतपणाने मला घाम फुटतो.

"ये, बघून घे एकदाची," तो म्हणाला आणि मायक्रोस्कोपवरून उठला.

औषध न दिलेल्या पेशी जवळजवळ काळ्या होत्या. औषध दिलेल्या मात्र हिरव्यागार, थेट कडेपर्यंत. मी लांब्याच्या पाठीत धपाटा घातला, जिन्यात पळाले आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, उजळल्या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग भावाने फोन घेतला आणि तेच तेच पाच वेळा विचारलं. दुसऱ्या दिवशी वहिनीने शाळेत जाऊन सांगूनसुद्धा टाकलं, की आता पोर रोज येईल, घरून अभ्यास पाठवू नका.

त्याच दुपारी मी पुन्हा त्या पेशी बघायला गेले. काम काहीच नव्हतं. नव्या नवरीने सारखा हातातला चुडा बघावा तशी माझी गत झाली होती. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि सवयीने फोकसचं बटण पुढेमागे करत राहिले. माझा हात स्वस्थ राहत नाही, त्याला मी काय करू. बटण फिरवलं की पेशीच्या वरच्या पापुद्र्यापासून तळापर्यंत नजर उतरते. वरच्या पापुद्र्यावर, म्हणजे आवरणावर, हिरवं काही नव्हतं. खाली उतरले तशी केंद्रकाभोवतीची जाळी दिसली. ती हिरवी होती. पेशी पसरट, त्यामुळे तीच जाळी पसरत कडेला भिडली होती, आणि वरून बघताना तीच कड वाटत होती.

ती जाळी म्हणजे प्रोटीन जिथे तयार होतं ती आतली जागा. पण रंग आत गेलाच कसा? आवरण धड असेल तर तो बाहेरच राहायला हवा, तीच तर या तपासणीची गोम.

मी लांब्याचं टेबल बघितलं. धुवायच्या पाण्याची बाटली आमची नेहमीचीच होती. इतर सगळ्या कामांत आम्हाला रंग आत जायला हवा असतो, म्हणून त्या पाण्यात आवरणाला भोकं पाडणारं, साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. या एका तपासणीला बिनसाबणाचं पाणी लागतं. लांब्याचा हात सवयीने नेहमीच्या बाटलीकडे गेला होता.

म्हणजे औषधाने काम केलं होतं, पण अर्धंच. प्रोटीन आता मोडीत निघत नव्हतं, आत साचत होतं. कडेला गेलंच नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बसावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे निकाल जाणार होता. मी काही बघितलंच नाही असं धरून चाललं तर पोरीला गोळ्या मिळणार होत्या. मी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, हात धुतले, पुन्हा फेऱ्या मारल्या, पुन्हा हात धुतले. लागू न पडणारं औषध ती निमूट गिळत राहील, लागू पडणारं आलं तरी ते तिला घेता येणार नाही, आणि वहिनी रोज तिच्या तोंडाकडे बघत राहील की आज बरं वाटतंय का. त्या बघण्याचा विचार आला आणि मी लांब्याला गाठलं.

त्याने बाटली उचलली, वास घेतला, खाली ठेवली. चेहरा उतरला.

"साबणाचंच आहे," तो म्हणाला. "चूक माझी. पण भिंगरे, तुझ्या घरचा नमुना आहे. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस."

"पाय माझा नाही ना. तिचा आहे. चल बाईंकडे."

बाईंनी आम्हा दोघांना झाडलं. त्याला बाटलीवरून, मला फोनवरून. "निकालावर माझी सही व्हायच्या आत घरी कळवायचा अधिकार कुणी दिला तुला?" मग त्या म्हणाल्या, "डबीतल्या पेशी उरल्यात ना? पुन्हा करा. साध्या पाण्याने. आणि ही बाहेर थांबेल."

मी बाहेर थांबले. थांबले म्हणजे दाराला कान लावून उभी होते. शेवटी लांब्याने दार उघडलं आणि नुसती मान हलवली. साध्या पाण्यात पेशी काळ्या. साबणाच्या पाण्यात हिरव्या. संशयाला जागाच राहिली नाही.

संध्याकाळी भावाकडे गेले. भाऊ अजून कामावरून आला नव्हता. वहिनी खारूताईला मांडीवर घेऊन पाठ थोपटत होती. मी चपला काढल्या नाहीत, बसले नाही, पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वहिनीचा हात थांबला नाही.

"म्हणजे गोळ्या नाहीत," ती म्हणाली.

"या नाहीत. दुसरं औषध येतंय. त्याच्यात तिला घेता येईल."

"कधी?"

"माहीत नाही."

ती थोपटत राहिली. मला ते सहन होईना. "वहिनी, बोल ना काहीतरी. चिडलीस तरी चालेल. मला हे लपवता आलं नाही गं."

"आज सांगितलंस त्याचा राग नाही मला," वहिनी म्हणाली. "काल सांगितलंस, त्याचा आहे."

तेवढ्यात खारूताईला खोकल्याची उबळ आली. वहिनीने तिला उठवून बसवलं आणि मी तिच्या तोंडापुढे वाटी धरली.