मधले कागद

“पण यातले तुमच्या बाबांचे कागद कोणते, हे ओळखायचं कसं?” दीपिकाने विचारले.

ती मुंबईहून आमच्या आचऱ्याच्या घरी आली होती. जुन्या कार्टूनपटांची हाताने काढलेली मूळ चित्रे तिची संस्था जपून ठेवते. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या ट्रंकेतला गठ्ठा ओटीवर पसरलेला होता आणि तिच्या नोंदवहीत चित्रकाराच्या नावाची जागा कोरी होती.

“सही नसली की ‘अज्ञात’ लिहावं लागतं,” ती ओशाळून म्हणाली.

बाबांनी मुंबईच्या एका स्टुडिओत सव्वीस वर्षे मधली चित्रे काढली. हालचालीचे पहिले आणि शेवटचे चित्र मुख्य चित्रकाराचे. खाली त्याची सही. त्यांच्यामधली पंधरा-वीस चित्रे बाबांसारखे कोणीतरी भरायचे. त्यांवर फक्त आकडे असत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावांवर रंगवलेली चित्रे तर पुढच्या कार्टूनसाठी धुऊनच टाकत. उरले ते हे पेन्सिलचे कागद. पडद्यावर बाबांचे नाव कधी आले नाही.

आई चष्मा पुसत बाहेर आली. विहिरीवर पाणी काढणाऱ्या बाईच्या चित्रांपाशी थबकली.

“गो बाय, ही मी!”

“आई, काय पण सांगतंस!”

“काय पण कित्याक? पयल्या चित्रात डोळे उघडे, शेवटच्यात उघडे. आता मधले बघ.”

मी पाहिले. कळशी काठाशी येताना बाईचे डोळे घट्ट मिटलेले होते.

“ओझां उचलताना माझे डोळे आपसूक मिटतत. हे चिडवत माका, ‘डोळे मिटल्यार कळशी हलकी होता काय गो?’ ” आई हसली. “सायबान तेंका झापल्यान. ‘डोळे मिटूक कोणी सांगल्यान?’ पण तेंनी काय खोडूक नाय.”

मी कागद बोटांत धरून भरभर सोडले. बाईने दोर ओढला, डोळे मिटले, कळशी वर आली, डोळे उघडले. नारळांची पाटी उचलणारी, मला कडेवर घेणारी आई मी अशीच पाहिली होती. तिचे ते मिटणे बाबांनीही पाहिले होते, हे मला माहीत नव्हते.

दीपिकाने विहिरीच्या संचापुढे लिहिले : सदानंद मेस्त्री. आईने ते दोनदा वाचले.

दीपिका गठ्ठा बांधू लागली तेव्हा सतरा नंबरचा, मिटल्या डोळ्यांचा कागद मी हातातच ठेवला होता.

“आई, ह्यो एक आपल्याकडे रवांदे.”

आईने त्या कागदावरून अलगद बोट फिरवले.

“नको गो. मधलो एक काढलंस तर ती अडखळतली.”

मी तो सोळा आणि अठराच्या मध्ये सरकवला, आणि कडा जुळवून दिल्या.